डावा पाय, दोनदा

चहा घ्या, बिस्कीट घ्या, आणि मग ऐका. फक्त बिस्कीट बुडवताना जरा जपून, कारण मध्येच हसू आलं तर ते कपात पडेल आणि त्याचा दोष मला लागेल. हसायला माझी हरकत नाही. फजिती माझीच आहे, आणि तीही भर पुण्यात झालेली. पुणेकराची फजिती पुण्यात व्हावी म्हणजे माशानं पाण्यात गटांगळ्या खाण्यातला प्रकार. पण झाली खरी!

आधी माझी बाजू सांगतो. जन्म शनिवार पेठेतला. आता राहायला कात्रजला, तिथंच माझं चष्म्याचं दुकान आहे. "राहता कात्रजला आणि ऐट शनिवार पेठेची," असं आमची ही म्हणते. म्हणू दे. माणूस राहतो कुठे याला काय महत्त्व? तो मूळचा कुठला, ते बघायचं असतं.

आणि मूळच्या पुणेकराला एक वाक्य काही केल्या बोलता येत नाही. "मला माहीत नाही." इतर सगळं येतं. दुकानाच्या पायरीवर रोज कुणीतरी पत्ता विचारायला थांबतो. मी सांगतो. माहीत असला तरी सांगतो, नसला तरी सांगतो. मी पत्ता सांगितलेला माणूस तक्रार घेऊन परत आलाय असं आजवर घडलेलं नाही. यावर हिचं म्हणणं असं की, त्याला परतीचा रस्ता सापडला नसेल.

तर, आमच्या मुक्ताचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, नोकरी पुण्यातच, माणसं नागपूरची. व्याही वासुदेवराव यांचं तिकडे भांड्यांचं मोठं दुकान. दिलदार माणूस, पण बोलायला स्टीलसारखा खणखणीत. सगळं जुळलं आणि एका गोष्टीवर अडलं. लग्न कुठे करायचं?

"नागपूरलाच करू ना जी," वासुदेवराव फोनवर म्हणाले. "आमचे पाहुणे इतक्या लांब येऊन करतील काय? पुण्यात पाहायला आहे काय?"

पुण्यात! पाहायला! काय आहे!

माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचा चष्मा होता, त्याची काडी वाकली. पण माझं सोडा. ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "एकच मुलगी आहे हो. तिची पाठवणी आपल्या दारातून व्हावी, एवढंच वाटतं मला." आणि मान खाली घालून निवडलेलीच मेथी पुन्हा निवडायला लागली.

मग मात्र मी पेटलो. वासुदेवरावांना फोन लावला. "या तुम्ही दोघं. एक रविवार द्या मला. देवळं, दर्गे, मशिदी, लेणी, जे जुनं पुणं आहे ते सगळं दाखवतो. त्यानंतर म्हणालात नागपूर, तर नागपूर."

"हौ, येतो ना," ते म्हणाले. "पण आवडलं नाही तर तोंडावर सांगीन."

आले. स्वारगेटला बसमधून उतरले तेच मुळी चारी बाजूंना बघत, घर भाड्यानं घ्यायला आल्यासारखे. बरोबर विहीणबाई. त्या फार गोड. नवरा बोलत असताना आपण नुसतं हसायचं, असं त्यांनी बहुधा लग्नातच ठरवलेलं असावं.

सकाळी पहिलं पाताळेश्वर. अखंड कातळात कोरलेलं देऊळ, भर शहरात! मी हात पसरून उभा राहिलो. हे लेणं जणू काल रात्री मीच कोरून ठेवलं होतं.

"चांगलं आहे," वासुदेवराव म्हणाले. "पण आमचं रामटेक उंचावर आहे. इथे खाली उतरावं लागते."

कसबा गणपतीला नेलं. हात जोडले, मनापासून जोडले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "आमच्या टेकडीच्या गणपतीची आठवण आली." एका जुन्या दगडी मशिदीत नेलं. तिथला हौद दाखवून मी म्हटलं, "हात लावून बघा पाण्याला, काय गार आहे!" तर म्हणे, "गार पाण्याची किंमत नागपूरच्या मे महिन्यात कळते ना जी."

हिनं माझ्याकडे बघितलं. मी हिच्याकडे बघितलं नाही.

नदीकाठच्या शंकराच्या देवळात मी हुकमाचं पान काढायचं ठरवलं होतं. शंकराला प्रदक्षिणा अर्धीच घालतात, पन्हाळीपर्यंत जायचं आणि ती न ओलांडता उलट फिरायचं, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. मी पुढे झालो, पन्हाळीपाशी ऐटीत थांबलो, समजावून सांगायला गर्रकन वळलो, तर वासुदेवराव माझ्याआधीच उलटे फिरून दोन पावलं परत गेलेले. मला त्यांची पाठ दिसली फक्त.

"आमच्याकडेही असंच असते," पाठ म्हणाली.

तिथं पुजाऱ्यानं प्रसाद दिला. गूळ-खोबरं. मला साखरेचा त्रास, डॉक्टरांनी गूळ बंद केलेला. पण प्रसाद नाकारायचा कसा? तोही पुणेरी पुजाऱ्यासमोर? मी तो गुपचूप पँटच्या डाव्या खिशात टाकला. आता या खिशाला भोक होतं. "पँट द्या, शिवून देते," असं ही महिनाभर म्हणत होती, आणि "उद्या देतो" असं मी महिनाभर म्हणत होतो. घरोघरी याच चुली असतात, पण माझी नेमकी त्या दिवशी पेटली.

आता शेवटचं ठिकाण. शनिवार पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या बोळात एक लहानसा, फार जुना दर्गा आहे. नाव सांगणार नाही. का, ते तुम्हाला शेवटी कळेल. दाराशी मोठं चिंचेचं झाड, त्याच्या बुंध्याशी चपला काढायच्या आणि आत जायचं. फाटकाशी बसणारी फुलवाली सकाळी पलीकडच्या देवीला वेण्या देते आणि दुपारी इथं गुलाबाची फुलं. लहानपणी आमची आई गुरुवारी इथं उदबत्ती लावून यायची आणि शुक्रवारी देवीची ओटी भरायची, आणि यात काही विशेष आहे असं पेठेत कुणालाही वाटायचं नाही. खरं सांगू? पुण्याचा अभिमान मला वाटतो तो याचा. बाकीच्या बढाया मी सवयीनं मारतो.

पण तेव्हा धीर सुटला होता. मुक्ताची पाठवणी नागपूरच्या कुठल्यातरी हॉलमधून होणार आणि ही त्या हॉलच्या दारात परक्यासारखी उभी राहणार, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. मी मुकाट्यानं चिंचेखाली चपला काढल्या.

आणि तेवढ्यात तो आला.

मुंगळा! काळा, टपोरा, चिंचेच्या बुंध्यावरून आलेला. खिशाच्या भोकातून गूळ पायावर ओघळला होता ना! त्या वासावर तो पँटच्या डाव्या पायातून जो वर चढला, तो थेट गुडघ्याच्या मागे, आणि तिथं त्यानं असा काही चावा घेतला की बस्स! देवळातल्या गुळानं दर्ग्यातला मुंगळा बोलावून आणला. याहून मोठा सलोखा दुसऱ्या कुठल्या शहरात दाखवा मला!

ओरडता येईना. पवित्र जागा, समोर व्याही. मी झाडाला हात टेकला, डोळे घट्ट मिटले, डावा पाय उचलून झटकला. मुंगळा गेला नाही. पुन्हा झटकला. गेला! आणि तोंडातून आपोआप, अगदी पोटातून, आवाज निघाला. "हाऽऽ!"

डोळे उघडतो तो काय, वासुदेवराव माझ्याकडे एकटक बघतायत. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर 'आमच्याकडे' नव्हतं.

"बाप्पा!" ते हळूच म्हणाले. "हे काय करून राहिले व्याही?"

आता सांगा, काय बोलायचं? मुंगळा म्हणायचं? मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, 'मुंगळा' म्हणायलाच उघडलं होतं. पण पुणेकराचं तोंड त्याच्या मालकाचं ऐकत नाही.

"ही इथली पद्धत आहे," मी म्हणालो. "दारातून आत जायच्या आधी प्रपंच झटकून जायचं. डावा पाय, दोनदा."

"आणि तो 'हा'?"

"तो... आतलं सगळं बाहेर टाकायचं. राग, लोभ, सगळं."

वासुदेवरावांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "असं आमच्याकडे नाही."

ऐकलंत? *नाही!* अहो, सकाळपासून या एका शब्दासाठी मी अख्खं पुणं पालथं घातलं होतं!

त्यांनी झाडाला हात टेकला, डोळे मिटले, पाय झटकला. दोनदा. "हाऽऽ!" भांड्यांच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस, आवाज असा की चिंचेवरचे कावळे उडाले. मागून विहीणबाईंनी साडीच्या निऱ्या सावरून पाय झटकला, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून काही निघालं. "हा!"

माझ्या कानाशी ही कुजबुजली, "मुंगळा होता ना?"

"हळू बोल."

"तरी म्हणत होते, पँट द्या."

एवढ्यावर भागलं असतं हो! पण मागून कॉलेजच्या पोरापोरींचा एक घोळका आला. त्यांचा हेरिटेज वॉक चालला होता. त्यांतली एक मुलगी मोबाइल रोखून म्हणाली, "काका, सो क्यूट! परत एकदा करा ना प्लीज, रील करायचंय." वासुदेवरावांनी माझी वाट न बघता तिला पद्धत समजावून सांगितली, अर्थासकट. पोरांनी रांग लावली. झाडाला हात, डावा पाय, हाऽऽ! त्यांच्यामागून आलेल्या दोन बायका कुणाला काहीही न विचारता रांगेत उभ्या राहिल्या. पुण्यात रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशाची आहे ते पुढे गेल्यावर विचारतो.

आणि आतून चाचा बाहेर आले.

चाचा म्हणजे दर्ग्याची देखभाल बघणारे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पेठेतलं. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा, आणि मराठी अशी की शुद्धलेखनाच्या मास्तरांनी त्यांना बघून रस्ता बदलावा. मी हिच्या मागे सरकलो. संपलं सगळं. आता हे विचारणार, हा कसला तमाशा आहे? आणि मुक्ताचं लग्न नागपूरला.

"काय चाललंय?" चाचांनी विचारलं.

वासुदेवराव हात जोडून पुढे झाले. "तुमची पद्धत पाळून राहिलो ना जी. पाय झटकायची. जुनी आहे ना ही?"

चाचांनी रांगेकडे बघितलं. झाडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

पण मी एक विसरलो होतो. चाचाही पुणेकरच!

"जुनी म्हणजे?" चाचा म्हणाले. "आमच्या आजोबांच्याही आधीची. हल्ली पाळतो कोण!" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी कोरड्या आवाजात, "फक्त हात उजवा टेकवायचा असतो. आपण डावा टेकवलात."

अहो, माझ्या मुंगळ्यात मलाच दुरुस्ती!

पण काम झालं. वासुदेवराव आत गेले, फुलं वाहिली, आणि बराच वेळ डोळे मिटून शांत बसले. बाहेर आले ते डोळे पुसतच. मला म्हणाले, "व्याही, दुकान, उधारी, भावाशी वाद, किती काय घेऊन फिरत होतो मी. इथे खरंच हलकं वाटलं. लग्न पुण्यातच करू. पण एका अटीवर. आमचं सगळं वऱ्हाड इथे पाया पडायला आणायचं."

हिनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हणालो, "अवश्य!" आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

खोटं पचवायचं कसं? चाचांकडे जाऊन कबूल करून टाकावं असं मनात यायचं, पण कात्रजहून शनिवार पेठेपर्यंत पोचेस्तोवर ट्रॅफिकमध्ये धैर्य संपायचं. तिकडे त्या मुलीचं रील फिरत होतं. माझ्या दुकानात एक बाई चष्मा घ्यायला आल्या आणि मलाच सांगू लागल्या, "तुम्ही गेलाय का हो तिथं? पाय झटकला की नंबर कमी होतो म्हणे." मी म्हटलं, नंबर कमी झाला तर माझं दुकान बंद होईल बाई. त्या हसल्या नाहीत. उलट, तुमची श्रद्धा नाही, म्हणाल्या.

लग्न झालं. थाटात झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणीच्या आधी सगळं वऱ्हाड दर्शनाला निघालं. दोन बसेस भरून नागपूर, आणि पुढच्या गाडीत नवरा-नवरी. मी लग्नातलाच फेटा पुन्हा बांधला होता. बोळाच्या तोंडाशी उतरलो आणि चिंच दिसली. बुंध्यावर, माणसाच्या हाताच्या उंचीला, साल घासून गुळगुळीत झाली होती. बाजूला पाटी.

'पाय एकेकाने झटकावा. मागे माणूस उभा असतो.'

खाली बारीक अक्षरांत: 'हात उजवा.'

वऱ्हाडानं रांग धरली. वासुदेवराव, एव्हाना चाचांच्या चांगल्या ओळखीचे झालेले, झाडाशी उभे राहून एकेकाला शिकवत होते. मामा झाले, माम्या झाल्या, करवल्या झाल्या. हाऽऽ, हाऽऽ, बोळ दुमदुमला. मग मुक्ताची पाळी आली. ती झाडापाशी थांबली आणि मागे वळून माझ्याकडे आली. हळूच म्हणाली, "बाबा, मी पाय नाही झटकणार. मला इथलं काहीच झटकून जायचं नाहीये."

आता यावर बापानं काय करावं? माझे डोळे भरून आले. पुढचं काही दिसेना. ती माझा हात धरून दाराकडे निघाली आणि मी तिच्या मागोमाग तसाच चालत राहिलो. झाड, पाटी, मुंगळा, काही आठवलं नाही.

"अहो! ओ फेटेवाले!"

चाचा दारात आडवे उभे.

"पाय?"

"मुलीनंही नाही झटकला, चाचा," मी रुमाल शोधत म्हणालो.

"नवरीला माफ असतं. जुना नियम आहे. आपण नवरी आहात का?"

मागे अख्खं वऱ्हाड थांबलेलं. म्हटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं. आज मुलगी सासरी चाललीय, निदान आज तरी खरं बोलावं. मी चाचांच्या जवळ गेलो आणि हलक्या आवाजात म्हणालो, "चाचा, माफ करा. ही पद्धत कुठली जुनी नाही हो. मीच सुरू केली. माझ्या पँटमध्ये मुंगळा शिरला होता."

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. फेट्यापासून पायांपर्यंत मला नीट न्याहाळलं. ओळखीची खूण कुठे दिसेना.

"तुम्ही सुरू केलीत?"

"हो."

"आमच्या आजोबांच्या आधी?"

मी फेटा सावरला.

"राहता कुठे आपण?"

"कात्रजला."

"तरीच!" चाचा म्हणाले.

मी कळवळून म्हटलं, "पण जन्म शनिवार पेठेतला!"

"जन्म कुणाचाही कुठंही होतो," चाचा म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हाक मारली, "वासुदेवराव, तुम्ही इथले माहीतगार. जरा यांना दाखवा बरं."

वासुदेवराव लगबगीनं पुढे आले. "सांभाळून घ्या चाचा, आमचे व्याहीच आहेत ते. मुलीच्या पाठवणीनं गडबडून गेले." त्यांनी माझा हात धरला, मायेनं, आणि झाडाशी नेला. उजवा तळवा त्या गुळगुळीत सालीवर टेकवला. "भिऊ नका. डावा पाय. दोनदा. आणि 'हा' पोटातून आला पाहिजे बरं का!"

कानाशी ही म्हणाली, "खिशात गूळ टाकू का थोडा?"

काय करणार? दोन बस भरून नागपूर बघत होतं, माझी मुलगी पदराआड हसत होती. मी डोळे मिटले, डावा पाय झटकला, पुन्हा झटकला, आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं गोळा करून म्हणालो, "हाऽऽ!"

चाचांनी मान तिरकी करून ऐकलं. मग वाट सोडून बाजूला झाले.

"जमेल," ते वासुदेवरावांना म्हणाले. "बाहेरगावच्यांना पहिल्यांदा जरा जडच जातं."